बावन्न किलो

आकडा दिसू नये म्हणून बायको काट्यावर उभी राहून छताकडे बघत होती, आणि तो सवयीने वाकून बघत होता. एकाहत्तर पूर्णांक चार. लाल आकडे दोनदा थरथरले आणि ठरले. नर्सने ते चिठ्ठीवर लिहिले, चिठ्ठी फाडली आणि त्याच्याच हातात दिली. "फाइलला लावा आणि गुरुवारी येताना आणा. नव्या औषधाचं डॉक्टर यावरूनच ठरवतील." बायको खाली उतरली आणि भिंतीला हात टेकून बूट घालायला लागली. वाकताना तिला धाप लागत होती. हे कधीपासून, असं विचारायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. काटा रिकामा होताच शून्यावर आला होता, अगदी तंतोतंत शून्यावर. नवा कोरा काटा, कडेला तपासणीचा शिक्का, शिक्क्यावर चालू वर्ष. बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. चिठ्ठी त्याने शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं.

दुसऱ्यांच्या काट्यांवर बोट ठेवण्यातच त्याची हयात गेली होती. तो वजनमापांचा सरकारी निरीक्षक. तीस वर्षं दुकानं, गोदामं, सोनारांच्या पेढ्या पालथ्या घातलेल्या. दुकानदार त्याला पाठीमागे 'पासंग' म्हणत. तराजूची एक बाजू हलकी असली की ती भरून काढायला पारड्याखाली शिशाचा तुकडा दडवतात, तो पासंग. आणि दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या पारडं उलटं करून तो शोधायचा, हा याचा शिरस्ता. आपल्याला असं नाव पडलंय हे त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कुठल्या दुकानदाराचा त्याने कपभर चहासुद्धा घेतला नाही. कोणी मालाचं वजन तोंडी सांगायला लागलं की तो शांतपणे पूर्ण ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "ठेवा काट्यावर." खात्यात नव्याने आलेल्यांना तो हे दोन शब्द घोकायला लावी. असा हा माणूस. आणि गेल्या वर्षी याच दवाखान्यात, याच कोपऱ्यात, त्याने स्वतःच्या बायकोचं वजन तोंडी सांगितलं होतं.

बसमध्ये बायको खिडकीशी बसली. तिने पर्समधून घराची किल्ली काढली आणि तिच्या टोकाने तळहात खाजवायला लागली, बाहेर बघत, मन लावून. ही खाज म्हणजेच तिच्या दुखण्याची पहिली वर्दी. पुरळ नाही, लाली नाही, नुसती आतून येणारी खाज, हातापायांच्या तळव्यांना, संध्याकाळ झाली की जास्त. ती केस विंचरायच्या ब्रशने तळपाय घासत बसायची आणि तो पेपरातून डोकं वर काढून म्हणायचा, "अगं, किती तो आवाज!" मग ती ब्रश घेऊन मोरीत जायची आणि दार लावून घ्यायची. पुढे रक्त तपासलं, पोटाचं चित्र काढलं, तेव्हा कळलं की यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या बारीकबारीक नळ्या तिच्याच शरीराने शत्रूच्या समजून कुरतडायला घेतल्या आहेत, पित्त आत तुंबतंय आणि यकृत हळूहळू कडक होतंय. हे लोकांना सांगायचं कसं? शेजारणींना, नातेवाइकांना तिने सरळ सांगून टाकलं, पित्ताशयात खडे झालेत. खडा म्हटलं की सगळ्यांना कळतं, प्रत्येकाच्या ओळखीत कुणाला तरी झालेला असतो. औषधही तेच होतं. "हे खडे विरघळवायला देतात आणि या आजारालाही देतात," दुकानातला औषधवाला म्हणाला होता, "मुळात अस्वलाच्या पित्तात सापडलं हे. आता कारखान्यात करतात." त्यावर बायको रस्त्यात उभी राहून हसली होती. "अस्वलाचं पित्त! आता मी चिडले तर मला बोलायचं काम नाही." त्या दिवसानंतर ती एकदाही चिडलेली त्याला आठवेना. किल्ली एका लयीत चालली होती. खिशातली चिठ्ठी छातीला लागत होती, म्हणजे कागद लागतो तेवढीच, पण तो अंग चोरून बसला.

गेल्या वर्षीचा तो दिवस त्याला हवा तसा आठवता येईना. तो होता तसाच आठवायला लागला. तेव्हा त्या कोपऱ्यात जुना काटा होता, घड्याळासारख्या तबकडीवर सुई फिरणारा. मदतनीस बाई म्हणाली, "ताई, बूट काढून उभ्या राहा." बायकोने एक बूट काढला होता. तेवढ्यात याने आपला पाय काट्यावर दाबला, उचलला आणि सुईकडे पाहिलं. सुई परत फिरताना दोनवर अडकली. झालं! त्याच्या अंगात खातं संचारलं. "हा काटा दोन किलो जास्त दाखवतो. यावर कोणाला उभं करू नका. इथे वजनावरून औषधं ठरतात, खेळ आहे का?" बाकावरचे सगळे पेशंट बघायला लागले. मदतनीस बाईचं तोंड एवढंसं झालं. "मग सर, वजन काय लिहू?" आणि तो एका क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "बावन्न." इतक्या ठामपणे, की तिने लगेच लिहिलं. बायको एका पायावर उभी होती, हातात बूट. तिने त्याच्याकडे पाहिलं असावं. त्याने पाहिलं नाही, तो खिशातून डायरी काढून काट्याचा क्रमांक टिपून घेत होता. मग तिने बूट परत घातला. आत डॉक्टर म्हणाले, किलोमागे चौदा मिलिग्रॅम धरतात, म्हणजे तुम्हाला अडीचशेच्या रोज तीन कॅप्सूल, कायमच्या. किलोमागे इतकं, हे ऐकून याला डॉक्टर फार आवडले होते. घरी आल्यावर त्याने दवाखान्याला रीतसर नोटीस धाडली, आणि त्या नोटिशीमुळेच आज तो नवा, चोख काटा कोपऱ्यात उभा होता.

दोन किलोंचा खोटेपणा त्याने पकडला होता आणि एकोणीस किलोंचा स्वतः लिहवून आला होता. एकाहत्तर गुणिले चौदा. हिशोब त्याने बसमध्येच केला, करायचा नव्हता तरी झाला: चार. रोज चार हव्या होत्या, ती तीन घेत होती. वर्षभर रोज एक कॅप्सूल कमी. आज डॉक्टर तिला म्हणाले होते, "रक्तातले आकडे खाली आलेच नाहीत. काही जणांना हे औषध लागू पडत नाही, त्यात तुमचा दोष नाही. तुम्ही घेतलंय ना नियमित?" तिने मान डोलावली. "मग दुसरं औषध जोडावं लागेल. त्याने खाज वाढते, आधीच सांगतो. आणि तपासणीत यकृत गेल्या वर्षीपेक्षा कडक लागलंय. पुढचं पुढे बघू." तेव्हा याने अगदी समजूतदार माणसासारखा तिच्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात आता त्याला मांडीवर ठेवायलाही नकोसा झाला. उतरायचा थांबा आला, बायको म्हणाली, "चला, उठा." तिने किल्ली पर्समध्ये टाकली नाही; घरी पोचल्यावर तिनेच दार उघडलं.

बावन्न आलं कुठून? हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर एवढं ठाम सांगता आलं. लग्नाला तीन महिने झाले होते. सुट्टीच्या दिवशी तो तिला आपली कचेरी दाखवायला घेऊन गेला. मागच्या तपासणीच्या खोलीत छताच्या तुळईला टांगलेला मोठा तराजू होता, पोती मावतील अशी पारडी, साखळ्या. ती म्हणाली, "यात माणूस बसला तर?" आणि मांडी घालून बसलीच. त्याने दुसऱ्या पारड्यात लोखंडी वजनं चढवली: वीस, वीस, दहा. तरी ती खालीच. मग दोनचं ठेवलं आणि दांडी वर उठली, डुलली, सरळ झाली. ती साखळी धरून अधांतरी, पाय पारड्याला घट्ट, श्वास रोखून. "हलू नकोस," तो म्हणाला होता. दांडी स्थिर होईपर्यंत दोघंही एकमेकांकडे बघत गप्प राहिली. मग ती म्हणाली, "मग, साहेब? पास का मी?" त्याने खडूने तिच्या मनगटावर तारीख लिहिली, तपासून योग्य आढळलेल्या वजनांवर लिहितात तशी. इतक्या वर्षांत त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण मनात ते कायम होतं, आणि बायको म्हटलं की मनात तेच पारडं, तेच वजन. लोखंडाची वजनंसुद्धा वापराने झिजतात, म्हणून ठरावीक मुदतीत त्यांची फेरतपासणी होते. हा नियम त्याला झोपेतून उठवून विचारला असता तरी कलमासकट सांगता आला असता. त्यानंतर दोन बाळंतपणं झाली. एक मूल जगलं, शिकलं, दुसऱ्या गावी नोकरीला गेलं. ती कितीतरी वर्षं समोर ताट वाढत होती, दारात उभी राहत होती, त्याच्या शेजारी झोपत होती. त्याच्या लेखी ती बावन्नच होती.

शुक्रवारी एका किराणा दुकानात तपासणी होती. बरोबर त्याची सहायक, दोन वर्षांपूर्वी खात्यात आलेली हुशार मुलगी. काटा दहा ग्रॅम मारत होता. दुकानदार म्हातारा, रडवेला. "साहेब, दहा ग्रॅमने कुणाचं काय जातंय हो?" इथे याचं नेहमीचं भाषण असायचं: रोज दहा म्हणजे वर्षाचे किती, आणि ते कुणाच्या ताटातून जातात. सहायक वही उघडून वाट बघत होती. याने तोंड उघडलं, "रोज एक म्हणजे वर्षाचे—" आणि थांबला. दुकानदाराला वाटलं साहेब विरघळले, त्याने लगबगीने स्टूल पुढे केलं. याने पाणी मागितलं. दुकानातलं पाणी तो आयुष्यात पहिल्यांदा प्यायला.

बाहेर आल्यावर सहायक म्हणाली, "सर, बरं नाही का? घरी जा, मी उरलेली दोन उरकते."

"तू आमच्याकडे किती वेळा आलीस?"

"दोनदा. का हो सर?"

"बाईंचं वजन किती असेल? तुला काय वाटतं?"

ती गोंधळली, पण त्यानेच तिला शिकवलं होतं की अंदाज विचारला की पटकन सांगायचा. "सत्तर-बाहत्तर," ती म्हणाली आणि जीभ चावली. "सॉरी सर. त्यांना सांगू नका हं." दोनदा आली होती मुलगी, एकदा चहाला आणि एकदा फाइल द्यायला. त्याने तिला दुकानं उरकायला पाठवलं आणि तो रस्त्याच्या कडेला उभा राहून येणारी-जाणारी माणसं बघायला लागला. ही पंचावन्न, तो ऐंशी, ती म्हातारी चाळीससुद्धा नाही. एकही अंदाज चुकत नसणार याची त्याला खात्री होती.

मग शनिवार, रविवार, सोमवार. घरात सगळं नेहमीसारखं. डबीत तीन कॅप्सूल, सकाळी एक, दुपारी एक, रात्रीच्या जेवणानंतर एक. ती पाण्याबरोबर गिळताना मान किंचित मागे टाकायची आणि तो मोजायचा. आत्ता उठावं आणि म्हणावं, अगं, आणखी एक घे. एवढंच करायचं होतं. पण 'का' म्हणून विचारलं तर? त्याच्या मनाने पळवाटा काढायला सुरुवात केली, आणि पळवाटा ओळखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्यामुळे स्वतःच्या पळवाटा त्याला बिनचूक ओळखू येत होत्या. चिठ्ठी हरवली म्हणावं. चिठ्ठी फाइलच्या अगदी मागे लावावी. किंवा म्हणावं, गेल्या वर्षी होती हो बावन्न, या औषधानेच वजन वाढतं ना काही जणांचं? ही शेवटची त्याला जवळजवळ पटली. अर्धा दिवस तो या पळवाटेच्या आधाराने नीट जेवला, पेपर वाचला. संध्याकाळी मोरीतून ब्रशचा आवाज यायला लागला. दार लावलेलं होतं. त्याला एकदम रडू आलं, आणि रडताना आवाज होऊ नये म्हणून त्याने पेपर तोंडापुढे धरला. तिला भीती वाटत असेल का? रिपोर्ट आल्यापासून ती मरणाविषयी एक शब्द बोलली नव्हती, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. बुधवारपर्यंत त्याने वाक्य तयार केलं. 'डॉक्टर, गेल्या वर्षी वजन मी सांगितलं होतं, न करता, अंदाजाने, आणि ते चुकीचं होतं.' अंघोळीला गेल्यावर ते त्याने दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

गुरुवारी डॉक्टरांनी फाइल उघडली. चिठ्ठी त्याने पहिल्याच पानाला लावली होती, तेवढी हिंमत केली होती. डॉक्टर चिठ्ठीकडे बघत राहिले, मग मागची पानं चाळली. "गेल्या वर्षी बावन्न. आता एकाहत्तर. वर्षात एकोणीस किलो?" त्यांच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. "ताई, जरा आडव्या व्हा." पडद्यामागे त्यांनी तिचं पोट दाबून, टिचकी मारून पाहिलं, पावलं बोटाने दाबून पाहिली. हा खुर्चीवर बसून पडद्याखालचे तिचे मोजे बघत होता. एका मोज्याच्या टाचेला भोक होतं. डॉक्टर हात पुसत परत आले. "पोटात पाणी नाही, सूजही नाही. हे वजन एका वर्षात वाढलेलं नाही. मग हे बावन्न सांगितलं कोणी?"

वाक्य तयार होतं. घशापर्यंत आलंही होतं.

"मी," पडद्यामागून बायको म्हणाली. ती उठून बसत होती, खाट करकरली. "मीच सांगितलं होतं. खरं सांगायची लाज वाटली."

थोडाच वेळ गेला असेल, पण त्या वेळात एक माणूस सहज तीन वाक्यं बोलू शकला असता. बायको पडद्याबाहेर आली नव्हती. डॉक्टरांनी चष्मा काढला. "काय बोलू तुम्हाला, ताई? वर्षभर आम्ही समजतोय की तुम्हाला औषध लागू पडत नाही. अहो, औषध पुरेसं मिळतच नव्हतं तुम्हाला! लाज कसली त्यात? आज दुसरं औषध लिहून मोकळा झालो असतो मी." ती बाहेर येऊन खुर्चीवर बसली आणि मान खाली घालून ऐकत राहिली, शाळेत बोलणी खाणाऱ्या मुलीसारखी. डॉक्टरांनी तीनचा आकडा खोडून चार केला. सहा महिन्यांनी रक्त परत तपासायचं, नवं औषध तोवर थांबवायचं. "यकृत कडक झालंय ते मागे येईलच असं मी सांगू शकत नाही. गेलेलं वर्ष गेलं." मग ते याच्याकडे वळले. "आणि तुम्ही हो? तुम्ही तर वजनमापवाले. काट्यावरून आम्हाला नोटीस पाठवलीत. तुमच्यासुद्धा लक्षात आलं नाही?"

"नाही," तो म्हणाला. हे खरं होतं.

बाहेरच्या दालनात माणसांची दाटी होती. बायको पुढे चालत होती, तिने फाइल स्वतःच्या हातात घेतली होती. खांबापाशी त्याने तिला गाठलं. "तू कशाला बोललीस तसं?"

"कसं?"

"'मीच सांगितलं' म्हणून. सांगितलं तर मी होतं."

"माहितीय मला." तिने फाइल दुसऱ्या हातात घेतली. "औषधाच्या डबीत कागद असतो ना घडी घातलेला. पहिल्याच दिवशी वाचला. त्यात तक्ता आहे, इतक्या किलोपासून इतक्या किलोपर्यंत तीन, पुढे चार. मी चारमध्ये येत होते."

"मग एवढं वर्ष! अगं, मला सांगायचं होतंस. डॉक्टरांना सांगायचं होतंस."

"सांगणार होते. रोज सांगणार होते." तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "आधी वाटलं, चारचौघांत इतकं ठणकावून सांगितलंत, आता कुठे तुम्हाला खोटं पाडू. मग वाटलं, बघतील की कधीतरी. मी काय दूर असते का? कपडे उसवून घेतले दोनदा, तुमच्यासमोर बसून. म्हटलं, एकदा म्हणतील, अगं, बावन्न कसं असेल तुझं वजन. मूर्खपणाच माझा. नंतर नंतर तर हट्टच धरून बसले. एवढ्याने काय होतंय, असं वाटायचं."

कोणी तरी व्हीलचेअर घेऊन आलं, दोघं खांबाला चिकटून उभी राहिली आणि ती खुर्ची पुढे गेली.

"आता तरी बोलाल असं वाटलं होतं," बायको म्हणाली. "मी 'मी' म्हटलं ना, तेव्हा. मी पडद्यामागे थांबले होते थोडा वेळ. बटणं लावून झाली होती माझी."

एवढं बोलून ती औषधांच्या खिडकीकडे रांगेत जाऊन उभी राहिली. पाठमोरी. रुंद खांदे, पाठीवर ताणलेलं कापड, एका पायावर जास्त भार. तो बघत राहिला. मग वळला आणि डॉक्टरांच्या दाराशी गेला. दारावरच्या माणसाने हात आडवा केला. "आत पेशंट आहे. तुमचं झालं ना?"

"एक सांगायचं राहिलंय."

"मग सगळे झाल्यावर. बावीस जण आहेत."

तो भिंतीजवळच्या खुर्चीवर बसला. मनातलं ते वाक्य आता मोडकं झालं होतं, त्यात आणखी बरंच घालावं लागणार होतं. बऱ्याच वेळाने बायको कॅप्सूलची पिशवी घेऊन आली. "चला."

"तू हो पुढे. मी आत सांगून येतो."

तिने दाराकडे पाहिलं, बाकांवरच्या माणसांकडे पाहिलं. "काय सांगणार आता? लिहून झालंय सगळं."

"तरी सांगतो."

ती गेली नाही. मधली एक खुर्ची सोडून बसली, पर्समधून किल्ली काढली आणि तळहात खाजवायला लागली.